उदगीरकर सरांची इजाजत

उदगीरकर सर उघड्या दारावरही टकटक करतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या आमच्या खोलीत मी आणि ते, दोघंच बसतो. तरी चहा पिऊन परत आले की स्वतःच्याच खोलीच्या उंबरठ्यावर थांबून विचारतात, "इजाजत?" मी मान हलवल्याशिवाय आत येत नाहीत. एकदा मी फोनवर होते, माझं लक्ष नव्हतं. दहा मिनिटं बाहेर उभे होते.

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमागे हैदराबादला आले आणि इथं संगणकाचं काम मिळालं. विद्यापीठाचे विभाग जी संशोधनाची नियतकालिकं काढतात, ती आमचं ग्रंथालयच इंटरनेटवर प्रसिद्ध करतं. वर्गणी नाही, कुलूप नाही. जगात कुणीही उघडावं आणि वाचावं. संकेतस्थळ मी सांभाळते. लेख तपासणं, लेखकाला प्रूफ दाखवणं, त्याची मंजुरी घेणं, हे सरांकडे.

सर इथल्याच काचीगुड्याचे. घराणं मूळचं मराठवाड्यातलं, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणतात. तेही पहिल्या दिवशी विचारून. "दीपालीताई म्हटलं तर चालेल काय? परेशान होऊ नका, नको असेल तर मॅडम म्हणतो." जेवताना माझ्या डब्याकडे बघतसुद्धा नाहीत, बघणं म्हणजे मागणंच, असं त्यांचं मत. आमच्या खिडकीत एक मांजर झोपतं. सर आधी त्याच्याशी बोलतात, मग खिडकी लावतात.

गेल्या वर्षी ठरलं, मराठी विभागाच्या त्रैमासिकाचे जुने छापील अंक स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचे. मला वाटलं, महिन्याभराचं काम. पहिल्याच बैठकीत सरांनी विचारलं, "लेखकांना विचारलं का?"

आमच्या ग्रंथपाल मॅडम तेलुगू, नावापुढं आदरानं 'गारू' लावणाऱ्या. त्या हसल्या. "उदगीरकर गारू, कौन मना करता जी? फुकट में सारी दुनिया पढेगी!"

"मना कोई नै करता, मॅडम. पन पूछना तो पडता."

मग सरांनी सह्यांसाठी एक वही केली आणि स्कूटर काढली.

दिलसुखनगरला एक लेखक कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर राहत होते. खालच्या माणसानं सरांना पालक समजून प्रवेशाचा फॉर्म हातात दिला. सर तो पूर्ण वाचून, धन्यवाद देऊन, मगच वर गेले. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "लेख टाका, पण सहलेखकाचं नाव काढा. पुढं तो माझ्याशी नीट वागला नाही." सर म्हणाले, "हौ, काढू की. पण नाव काढायला त्यांची इजाजत लागेल." एक लेखक वारले होते. मुलाला वडील लिहायचे हेच ठाऊक नव्हतं. सरांनी लेखाची झेरॉक्स दिली, ती त्यानं दारातच उभ्यानं वाचून काढली. तोवर सर जिन्यात थांबून राहिले. सही घ्यायची राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

मी वैतागायचे. "सर, सगळ्यांना ईमेल करू. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही की हो समजायचं."

"गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, ताई."

शेवटी एकच अंक उरला. त्यात हैदराबादच्या मराठी घरांमध्ये दख्खनी उर्दूचे शब्द कसे मुरले, यावर एक लांबलचक लेख होता. ज्या प्राध्यापकांच्या नावावर तो होता ते हयात नव्हते. त्यांच्या मुलीची सहीही वहीत आली होती. तरी सर अंक सोडेनात. विचारलं की म्हणायचे, "एक सही बाकी आहे." कुणाची, ते सांगायचे नाहीत. दोन महिने असेच गेले. ग्रंथपाल मॅडमनी मला बजावलं, "आठवड्यात अंक चढला पाहिजे. उदगीरकर असोत की नसोत."

मी सरांना तसं सांगितलं. त्यांनी वही मिटून ठेवली. मग म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चिक्कडपल्लीला येता? पत्ता केव्हाच मिळालाय. एकट्यानं जायची हिंमत होईना."

दुसरा मजला, दारावर तेलुगू आडनावाची पाटी. दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. शैलजाबाई. लग्न करून तेलुगू घरात गेलेल्या, पण मराठी स्वच्छ. त्यांनी तीनदा बसा म्हटलं, तरी सर उभेच. सरांनी अंक उघडून तो लेख पुढं धरला. बाईंनी पान पाहिलं, पण हात लावला नाही.

"हा कशाला आणलात?"

"मॅडम, मी तेव्हा मराठी विभागात कारकून होतो. वीस वर्षांचा. छापखान्यातून प्रुफं मीच आणायचो." सरांनी लेखकाच्या नावावर बोट ठेवलं. "पहिल्या प्रुफात या लेखावर तुमचं नाव होतं. प्राध्यापकसाहेबांनी ते खोडून स्वतःचं लिहिलं. ते प्रूफ मीच परत छापखान्यात नेऊन दिलं. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, रोज विभागात यायच्या, जिन्यात भेटायच्या. मी काही बोललो नाही."

मला कुठं बघावं कळेना.

शैलजाबाई हळूच खुर्चीत बसल्या. "नवऱ्याला सांगितलं होतं एकदा. ते म्हणाले, तुझी काहीतरी गफलत होतेय, एवढे मोठे सर असं कशाला करतील? नंतर नंतर मलाही वाटायला लागलं, आपणच चुकीचं आठवतोय." त्यांनी सरांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही पाहिलं होतं."

"हौ, मॅडम. पाहिलं होतं."

त्या आत गेल्या आणि कपाटातून लेखाचा हातानं लिहिलेला कच्चा खर्डा घेऊन आल्या.

तो खर्डा आणि स्वतःचा लेखी जबाब सरांनी संपादक मंडळापुढं ठेवला. प्राध्यापकांच्या मुलीकडंही ते पुन्हा गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला कधीच सांगितलं नाही, पण तिची दुसरी सही घेऊन आले. मंडळानं ठरवलं, लेख शैलजाबाईंच्या नावानं चढवायचा आणि खाली दुरुस्तीची टीप द्यायची. मी ती टाइप केली. अंकाला आणखी उशीर झाला, पण या वेळी ग्रंथपाल मॅडमनी तारीख विचारली नाही.

चढवण्याआधी सरांनी नियमाप्रमाणं लेखिकेला प्रूफ पाठवलं. एरवी लेखक 'मंजूर' एवढा एकच शब्द कळवून मोकळे होतात. दुपारी शैलजाबाईंचा फोनच आला. सरांनी तो स्पीकरवर घेतला.

"उदगीरकर, पहिल्याच पानावर 'नक्को' मधला एक क खाल्लाय."

"सांगा मॅडम, लिहून घेतो."

"अशा बऱ्याच चुका दिसतायत. मी सगळा लेख मोठ्यानं वाचते, तुम्ही ताडून बघा. अठरा पानं आहेत. चालेल ना?"

सरांनी फोन टेबलावर ठेवला, कागद सारखे केले आणि पेन्सिल हातात घेतली. बाई वाचायला लागल्या. सुरुवातीला घाईघाईनं, मग सावकाश, एकेका शब्दावर थांबत. आजी कशी बोलायची, शेजारची खाला कशी बोलायची, ते करून दाखवत. मी माझं काम बाजूला सारून ऐकत बसले.

पाच वाजले तेव्हा त्या अकराव्या पानावर होत्या. एका वाक्याच्या मध्येच त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कट झाला. सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि फोनच्या जवळ वाकले.

"वाचा, मॅडम," ते म्हणाले. "मी ऐकायलोय."