गुरलिंगअप्पा आणि कॉलनीचं कर्ज

लोक भेटल्यावर रामराम करतात. आमच्या अंबाजोगाईत काही लिंगायत घरांतून ‘शरणार्थ’ म्हणतात. गुरलिंगअप्पा यांतलं काहीही म्हणत नसत. समोरून ओळखीचं माणूस येताना दिसलं की ते रस्ता ओलांडून त्याच्या पुढ्यात उभे राहत आणि थेट विचारत, “अंगावर किती?”

ओळखीचं माणूस असावं अशीही अट नव्हती. मेडिकल कॉलेजात नवीन लागलेले एक डॉक्टर आमच्या शेजारी भाड्याने राहायला आले आणि सामान लावायच्या आतच तापाने आडवे झाले. दुसऱ्या दिवशी अप्पा त्यांच्या दारात.

“अंगावर किती?”

“एकशे दोन,” डॉक्टर चादरीतून म्हणाले.

“हजार?”

“अहो, ताप!”

“त्यो उतरंल वो. कर्ज किती हाय?”

डॉक्टर म्हणाले, कर्ज काहीच नाही. अप्पांचा चेहरा पडला. “मंग ऱ्हावा पडून,” म्हणाले आणि निघून गेले.

अप्पांचं मंडीत भांड्यांचं दुकान होतं. तांब्यापितळेपासून स्टीलपर्यंत सगळा जमाना त्यांनी त्या गादीवर बसून विकला. दुकानात उधार द्यायचं नाही, बाजारातून उधार आणायचं नाही, हा त्यांचा खाक्या. बायको गेली तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि आमच्या कॉलनीच्या टोकाला स्वतःच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. एवढी वर्षं एका जागी बसण्याचा जणू सूड म्हणून नंतर त्यांनी बसणंच सोडलं. सकाळी अंघोळ-पूजा झाली की टोपी चढवून बाहेर. तुम्ही खुर्ची दिलीत तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहायचे. चहा दिला तर बशी हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत फुर्रफुर्र प्यायचे. बोलता बोलता फाटकाची कडी काढ-घाल करायचे. त्यांच्या पायी माझ्या फाटकाची कडी ढिली झाली ती झालीच.

आमची कॉलनी म्हणजे गावाबाहेरच्या माळावर मास्तर, कारकून, कंडक्टर अशा पगारदारांनी बांधलेली घरं. दिवस असे होते की स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या माणसाला दुकानदार एकाएकी हाताला धरून आत बोलवायला लागला होता. टीव्ही रंगीत झाला, वर छत्री आली, फ्रिज आला. पैसे नंतर द्या म्हणायचे. घरंही तशीच उभी राहिली. विटा आमच्या, वाळू आमची, पैसे बँकेचे. तेव्हा कॉलनीत अप्पांच्या प्रश्नाला उत्तरं भरपूर होती. फक्त ती द्यायची कशी हा प्रश्न होता. पगार विचारला तर माणूस फुशारकीने सांगतो. कर्ज कोण सांगणार?

पण अप्पा हटत नसत. आकडा मिळाला की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. “जेवान जातंय का?” आणि “झोप येती का?”

गंमत अशी की मोठा आकडा ऐकून हा माणूस खुलायचा. बुबनाळे कंडक्टरांनी घर आणि स्कूटर मिळून लाखाच्या वर आकडा सांगितला, तर अप्पांनी त्यांची पाठ थोपटली. “वा! आन् जेवान?”

“चार भाकरी खातो अप्पा.”

“लई ब्येस!” म्हणत अप्पा उड्या मारल्यासारखे पुढच्या घराकडे गेले. याउलट ग्रंथपाल शेख साहेबांनी सांगितलं, की वडिलांची जमीन विकून घर बांधलं, एक पैचं देणं नाही. अप्पा चिडले. “न्हाई कसं? आसंल कुटंतरी. फ्रिज?”

“रोख घेतला.”

“कावून पण? काय गरज हुती?” अप्पा जवळजवळ ओरडलेच. शेख साहेबांना आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटलं. त्यांनी मला तसं बोलूनही दाखवलं.

साहजिकच तर्क सुरू झाले. कुणी म्हणे, अप्पा आता व्याजबट्ट्याच्या धंद्यात उतरणार, गिऱ्हाईक हुडकतायत. कुणी म्हणे, इन्कमटॅक्सवाल्यांनी पाठवलाय. बुबनाळे बाईंना वाटलं, कुणाच्या तरी पोरीसाठी स्थळं बघतायत.

या सगळ्यात अप्पांचा खास जीव माझ्यावर बसला. माझ्या अंगावर दीड लाख होते आणि मुदत पंधरा वर्षं. भूगोलाच्या मास्तराचा पगार तो केवढा, त्यातून हप्ता परस्पर कापून जायचा. हे ऐकल्या दिवशी अप्पांनी माझ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं बघितलं. मग रोज सकाळी हजेरी. मी दात घासत असायचो.

“सर, झोपलात ना राती?”

“झोपलो अप्पा.”

“मधी जाग?”

“नाही.”

“घोरलात का?”

हे मात्र ते माझ्या बायकोला, सुनंदाला विचारायचे. ती कन्याशाळेत गणित शिकवते आणि तिला फालतू प्रश्नांचा तिटकारा आहे. “घोरतात. ढोसलं तरी थांबत नाहीत,” ती सांगायची. अप्पा तृप्त होऊन जायचे.

एकदा मला पडसं झालं. नाक चोंदलेलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी भाकरीवर वासना नाही. अप्पा आले. मी म्हटलं, “आज काही खरं नाही अप्पा. झोपच आली नाही.”

त्यांच्या हातातली फाटकाची कडी तशीच राहिली. “हप्ता चुकला?”

“नाही हो, सर्दी आहे.”

“खरं सांगा सर. लपवू नका.” अप्पा गेले ते अर्ध्या तासात सुंठ, गवती चहा आणि कसलीशी वडी घेऊन आले. दुपारी पुन्हा आले. संध्याकाळी पुन्हा. खिडकीतून वाकून माझा चेहरा बघायचे आणि निघून जायचे. पाचव्या फेरीला सुनंदाचा तोल गेला.

“अप्पा, इकडं या,” ती दारात उभी राहून म्हणाली. “यांच्या झोपेचं तुम्हाला काय करायचंय? सगळ्या कॉलनीच्या देण्याचं काय करायचंय? आज सांगितल्याशिवाय जायचं नाही.”

मला वाटलं, अप्पा काढता पाय घेणार. त्यांनी दोन पावलं फाटकाकडे टाकलीही. मग वळले आणि पायरीवर बसले. अप्पांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

“आमचा शिवा हाय ना पुण्याला,” ते म्हणाले.

शिवा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. कारखान्यात इंजिनिअर होता, त्याचं लग्न झालेलं होतं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याने वर्षभरापूर्वी तिकडे फ्लॅट घेतला आणि बापाला पुतण्याकडे दुकानावर फोन केला. तीन लाख कर्ज काढलंय म्हणाला. वास्तुशांतीला या म्हणाला.

“तीन लाख, ताई! आमच्या सात पिढ्यांत कुणी तीनशे काढले न्हाईत. माझं डोस्कं फिरलं. म्हनलो, ह्ये कर्ज फिटस्तोवर तुझ्या घरात पाय ठिवणार न्हाई. आन् फोन आपटला.” अप्पा धोतराचा सोगा बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. “मुदत किती, त्ये इचारलंच न्हाई. मंग पुतण्यानं सांगितलं. वीस वर्सं.”

अप्पांनी बोटाचा सोगा सोडून दिला.

“मला अडुसष्टावं लागलंय,” अप्पा म्हणाले.

“मग मोडा की शब्द,” सुनंदा म्हणाली. “बापच आहात. रागाच्या भरात बोललात.”

“आसं मोडता येत न्हाई. शब्दावर दुकान चालवलं मी.” ते थोडे पुढे सरकले. “म्हून मी बघत होतो, की ह्ये खरंच कर्ज हाय का. कर्ज मंजी काय? ज्यानं माणसाचं अन्न तुटतं, झोप उडती, त्ये. सरांचं तर काईच उडालं न्हाई. समद्यांवर हाय, आन् समदे झोपतेत. मंग ह्येला कर्ज कसं म्हनायचं? आन् कर्जच नसलं तर माझा शब्द कुटं आडवा येतो? आसा हिशेब लावत आणला हुता मी. आन् आज सर झोपले न्हाईत.”

हसावं की काय करावं मला कळेना. माझ्या घोरण्यावर एका बापाची एवढी भिस्त होती.

सुनंदा आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अप्पांना देत म्हणाली, “तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. ते कर्ज नाहीच. त्याला लोन म्हणतात.”

“लोन?”

“कर्ज वेगळं, लोन वेगळं. कर्ज माणूस अडला म्हणून काढतो. लोन माणसाचं बरं चाललंय म्हणून मिळतं. बरं चाललेलं नसेल तर बँक दारात उभं करत नाही. शिवाला तीन लाख दिले म्हणजे त्याचं किती बरं चाललंय बघा.”

अप्पा पाण्याचा घोट घ्यायचे विसरले. मग तांब्या खाली ठेवून निघूनच गेले. तासाभराने पुन्हा फाटकात. घामाघूम.

“ताई, बँकेवर जाऊन आलो. पाटीवर तर गृहकर्ज लिवलंय.”

“खाली इंग्रजीत काय लिहिलंय?”

“वॉचमनला वाचाय लावलं. होम लोन.”

“झालं तर. बँकेचे वरचे साहेब कुठले?”

“दिल्ली-कलकत्त्याकडले आसतील.”

“त्यांना मराठी येतं?”

“न्हाई येत.”

“मग त्यांनी काय समजून पैसे दिले असतील?”

अप्पांनी चाळीस वर्षं बाजारात काढली होती. आपल्याला कुणी बनवत असेल तर ते त्यांना पावलांच्या आवाजावरून कळायचं. ते सुनंदाकडे बराच वेळ बघत राहिले. तीही गणिताच्या मास्तरणीला शोभेल अशा कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिली.

“लोन,” अप्पा म्हणाले. “बरुबर हाय तुमचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत ते तीनदा खाली उतरले. एकदा म्हणाले, पत्त्याचा कागद राहिला. तो खिशातच होता. एकदा म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ. तिसऱ्यांदा उतरले ते नुसते गाडीच्या दारापाशी उभे राहिले. कंडक्टरने घंटी दिली.

“सर,” ते पायरीवर चढत म्हणाले, “दार कोण उघडंल? त्यो का सूनबाई?”

“दोघांपैकी कुणीतरी उघडेलच की.”

“त्यो नगं आधी. सूनबाईनं उघडाय पायजे.”

अप्पा गेले आणि कॉलनी शांत झाली. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. बुबनाळे कंडक्टर मला म्हणाले, “सर, काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.” माझ्याही बाबतीत तसंच होतं. सकाळी दात घासून झाले तरी मी उगीच अंगणात उभा राहायचो.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी अप्पा स्टँडवरून थेट आमच्याकडे आले. हातात पिशवी, आणि डोकं उघडं. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कपाळाचा वरचा भाग गोरापान, लहान मुलासारखा दिसत होता.

“कुणी उघडलं दार?” सुनंदाने पहिलं तेच विचारलं.

“सूनबाईनं. शिवा कामावर गेलता.” अप्पा म्हणाले. “तिनं पाया पडून आत नेलं. म्हनली, ही तुमची खोली.”

“तुमची?”

“माझी. म्हनली, दोघांपुरतं घर दोन लाखांतच हुत हुतं. पर शिवा आडून बसला, अप्पांना खोली पायजेच. म्हून वरचे एक लाख.” ते थांबले. “त्यो एक लाख माझाच हुता, ताई. आन् मी त्येच्यावरच फोन आपटला.”

सुनंदा ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली.

“वर्सभर खोली रिकामी. त्यात कुणी कपडे बी वाळत घातले न्हाईत. एक खाट, पूजेसाठी पाट. आन् भिंतीला खुंटी. आता फ्लॅटात कुणी खुंटी ठोकतं का सर? पर ठोकली हुती. माझा हात पुरंल इतक्याच उंचीवर. मी नसताना माप कुटून घेतलं पोरानं, काय म्हाईत.”

“शिवा काय म्हणाला?” मी विचारलं.

“संध्याकाळी आला. मी खोलीतच हुतो. दारात हुबा ऱ्हायला, माझ्याकडं बघितलं न्हाई, खुंटीकडं बघितलं. म्हनला, जेवाय चला.” अप्पांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “बास. एवढंच.”

मग सुनंदाने विचारलं, “अप्पा, आणि टोपी कुठं हरवली?”

“हरवली कशाला?” अप्पा म्हणाले. “खुंटीला हाय.”