वडी हा अपघात नाही

दळवीकाका माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्यांना हे माहीत नसतं. नवा माणूस बिचारा लिफ्टमध्ये ओळख नसताना चांगुलपणानं हसतो आणि तिथेच सापडतो. काका कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, "खालची उजवी. कीड आहे. कधीपासून?" माणूस सातव्या मजल्यावरचा असला तरी तिसऱ्यावर उतरून जिन्यानं जातो.

मी कोपरखैरण्यात त्यांच्या समोरच्या दारात राहते. अकरा वर्षं झाली. नवऱ्याला, म्हणजे आमच्या सतीशला, माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण काकांना माझ्या वरच्या डाव्या दाढेत चांदी कोणत्या साली भरली ते तोंडपाठ आहे. दार उघडलं की लोक 'कशा आहात' विचारतात ना, तसं हे विचारतात, "चांदी कशी आहे?" एकदा हे ऐकून आमच्या सासूबाईंना वाटलं, मी दागिने शेजारी ठेवायला दिलेत. दोन दिवस कपाट तपासत होत्या.

तुम्हाला वाटेल, दातांचे डॉक्टर असतील. छे हो! बेलापूरला एका विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला होते. बत्तीस वर्षं. हा आकडा मी जुळवून सांगत नाहीये, खरंच बत्तीस. लोकांनी हॉस्पिटलचे कागद पाठवायचे आणि काकांनी त्यातली खोट शोधायची, हे काम. त्यात दातांचा कागद आला की त्यांना चहा गार व्हायच्या आत निकाल देता यायचा. कारण दात पॉलिसीत नसायचेच. हात असायचा, पाय असायचा, पित्ताशयसुद्धा असायचं, पण दात नाहीत. अपघातात पडले तरच. काका म्हणतात, "विम्याच्या दृष्टीनं माणूस बोळकं घेऊनच जन्मतो आणि बोळकं घेऊनच जातो."

मग रिटायर झाल्यावर त्यांनी यातून एक तत्त्वज्ञान काढलं. ज्याचे पैसे मिळणार नाहीत ते बिघडूच द्यायचं नाही. "किडनीचं एक वेळ बघू, कव्हर आहे. दात सांभाळा!" हे त्यांनी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहून लावलं होतं, तेही 'पाणी उद्या येणार नाही'च्या शेजारी.

रविवारी सकाळी खालच्या बागेत ते वर्ग घेतात. हातात सोललेलं मक्याचं कणीस आणि ब्रश. कणसाला हिरड्या कुठून कुठपर्यंत आहेत ते पेननं आखलेलं असतं. "आडवं घासू नका, तुम्ही फरशी पुसत नाही आहात. हिरडीकडून दाताकडे. गोल. हलक्या हातानं." काका सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात. पहिलीतल्या पोरांनाही, वॉचमनच्या कुत्र्यालाही. गावठाणातले पाटील, ज्यांचे कोपऱ्यावर चार गाळे आहेत, ते रोज दूध न्यायला येतात. एकदा ओरडले, "ओ दलवी! त्या कनसाला आता मीठ-लिंबू लावून मला द्या. दात त्याचं साफ हायेत!" काका म्हणाले, "तुमच्या तंबाखूचं काय झालं?" पाटील दूध न घेताच गेले.

काकू असताना हे सगळं जरा आटोक्यात होतं. मालतीकाकू. चार वर्षांपूर्वी गेल्या, सकाळी चहा ठेवता ठेवता, हार्ट. फार मोठ्यानं हसायची बाई. हसली की पहिल्या मजल्यावर कळायचं, आणि हसताना पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. त्या दाताची गोष्ट त्या प्रत्येक हळदीकुंकवाला सांगायच्या. केसाची पिन दातानं उघडत होत्या. कट्ट! दात अर्धा. बाई आरशासमोरून तशीच नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, क्लेम करा." नवऱ्यानं पेपर खाली केला, दात बघितला, पिन बघितली आणि म्हणाला, "अपघात म्हणजे बाह्य, आकस्मिक आणि दृश्य. पिन हा अपघात नाही, मालती. पिन हा निर्णय आहे."

एवढं सांगून काकू हसत सुटायच्या. दात काही बसवला नाही त्यांनी. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "क्लेम पास होईपर्यंत असाच ठेवते. पुरावा आहे."

त्यांच्या शेवटच्या संक्रांतीला काकांनी वाणात काय द्यायला लावलं असेल? टंग क्लीनर. स्टीलचे. बायकांना काही कळेना, हा रोख कुणाच्या जिभेवर आहे. सानेबाई आणि कुलकर्णीबाई महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, कारण दोघींनाही वाटत होतं की दुसरीनंच काहीतरी कानावर घातलंय. काकू गेल्यावर मला वाटलं, सुटलो. कसलं काय! पुढच्या संक्रांतीला काका माझ्या दारात, हातात पिशवी. "चाळीस ब्रश आहेत. सॉफ्ट. तुमच्या हळदीकुंकवात वाटा. मालतीकडून सांगा." मी पिशवी आत घेतली. तेव्हापासून दरवर्षी माझ्या हळदीकुंकवाला दोन दोन वाणं असतात. एक माझं आणि एक काकूंचं.

यंदाच्या संक्रांतीला सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि त्यांनी तिळाच्या वड्या केल्या. पाक इतका पक्का झाला की वडी ताटात टाकली की घंटा वाजायची. मी सून आहे, 'नको' म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच घासाला माझ्या त्या सुप्रसिद्ध चांदीच्या दाढेचा टवका उडाला.

मी तुर्भ्याला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. आमच्या कंपनीच्या पॉलिसीतही दात नाहीत, अपघात असेल तर आहेत. मी तो टवका कागदात गुंडाळला आणि समोरचं दार वाजवलं.

"काका, अपघात झाला," मी म्हटलं. "बाह्य म्हणालात ना? सासूबाई साताऱ्याहून आल्यात. आकस्मिक? कळवून आल्या नव्हत्या. आणि दृश्य तर हे बघा, कागदात आहे."

काकांनी टवका उजेडात धरला. मग वडी मागितली. मी घेऊन आले. त्यांनी ती टेबलावर दोनदा आपटली, टेबलाकडे बघितलं आणि वडी परत दिली.

"वडी कोणी उचलली?"

"मी."

"तोंड कोणी उघडलं?"

"मीच. पण काका..."

"वडी हा अपघात नाही, वैशाली. वडी हा निर्णय आहे."

मला राग आला. मी म्हटलं, "मग बाथरूममध्ये घसरले म्हणून लिहिते. कोण बघायला येतंय?" तर हा माणूस खुर्चीतून उठला. "माहिती लपवायची नाही. खोटा अर्ज मला पाकिटातून काढायच्या आधी वासावरून कळायचा. फॉर्मच्या शेवटी काय असतं? 'वरील माहिती खरी आहे' असं आपण सही करून सांगतो. सही म्हणजे सही!" दाढेला कॅप मी माझ्या पगारातून बसवली, आणि पंधरा दिवस काकांशी तुसडेपणानं वागले. त्यांना पत्ता लागला नाही, कारण मी तोंड उघडत नव्हते आणि ते फक्त तोंडाकडे बघतात.

मार्च आला की काकांच्या अंगात येतं. कारण अलीकडे काही पॉलिसींत दातांची एक तपासणी फुकट असते, आणि ती एकतीस मार्चला बुडते. कोणाची कोणती पॉलिसी आहे, ते काकांना सगळं ठाऊक. सकाळी आठपासून बेल. "तपासणी केलीत? लॅप्स होईल." भाजीच्या गाडीवर, "लॅप्स होईल." सानेबाई अंगारकीच्या रांगेत होत्या, तिथे फोन. सगळ्यांना ते एकाच ठिकाणी पाठवतात, सेक्टरमधल्या डॉक्टर सायलीच्या दवाखान्यात. तो नेमका केकच्या दुकानाच्या वर आहे. काकांच्या मते जागा अगदी योग्य आहे, आजार खाली आणि इलाज वर.

यंदा मार्चच्या वीस तारखेपर्यंत बेल वाजली नाही. मला आधी बरं वाटलं, मग चैन पडेना. दार वाजवलं तर काका गालाला रुमाल लावून उभे. गाल असा सुजलेला, की चष्म्याची काडी वर उचलली गेली होती. आत गॅसवर मऊ भात रटरटत होता. मी हसले, मुद्दाम दात दाखवले. त्यांनी बघितलंच नाही. तेव्हा मी घाबरले.

"आ करा," मी म्हटलं.

"वगळलेलं आहे," काका तोंडाच्या एका बाजूनं म्हणाले.

"काय वगळलेलं आहे? तुम्हाला तर कव्हर आहे ना? तुम्हीच सांगितलंत, रिटायर लोकांना कंपनीनं दातांचं दिलंय म्हणून. कधी गेला होतात तपासणीला?"

काकांनी चार बोटं दाखवली. लोकांच्या तपासण्या बुडू नयेत म्हणून रक्त आटवणारा हा माणूस स्वतः चार वर्षांत एकदाही गेला नव्हता! मी चप्पल घातली, त्यांना घालायला लावली आणि रिक्षात कोंबलं. रस्ताभर "गरज नाही, मिठाच्या गुळण्या चालू आहेत" असं चाललं होतं.

डॉक्टर सायलीनं बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "काका, आज रूट कॅनल सुरू केलं तर दात वाचेल. अजून आठवडा काढलात तर मला तो काढावा लागेल." काकांचा चेहरा पडला. बत्तीसच्या बत्तीस स्वतःचे आहेत, हाच तर या माणसाचा एकुलता एक माज होता.

बाहेर रिसेप्शनला रेश्मा बसते. काका म्हणजे तिच्यासाठी अर्धा धंदा. "काकांना आज पहिल्यांदा पेशंट म्हणून बघतेय!" तिनं मोबाइल मागितला, अॅप उघडलं आणि फोन परत त्यांच्या हातात दिला. "इथे टिक करा फक्त, मग कार्ड चालू होईल."

मी शेजारी उभी होते. मुद्दाम नाही बघितलं, पण दिसलं. सदस्य दोन. दळवी शशिकांत, स्वतः. दळवी मालती, पत्नी. आणि खाली रिकामा चौकोन, 'वरील सर्व माहिती खरी आहे.'

काकांचा अंगठा त्या चौकोनावर गेला आणि थांबला. परत गेला, परत थांबला. रेश्मा आपली मायेनं म्हणाली, "अय्या, काकूंची पण तपासणी बाकी आहे की! घेऊन या ना त्यांना. एकतीसला लॅप्स होईल." ती इथे दोनच वर्षांपूर्वी लागली, तिला काय माहीत?

काका म्हणाले, "सांगतो तिला."

मी त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. बराच वेळ ते फोन उलटसुलट करत राहिले. मग खाली बघूनच बोलले. "हे कव्हर मी तिच्यासाठी घेतलं होतं. त्या दातासाठी. घरी येऊन म्हटलं, मालती, क्लेम पास. अशी हसली ती! पण यात वेटिंग पिरियड असतो. पहिले काही महिने काही करता येत नाही. मीच म्हटलं, थोडं थांब, नियम आहे. तो संपायला एकवीस दिवस राहिले होते." हप्ता पेन्शनमधून परस्पर कापला जातो, तिथे कोणी काही विचारत नाही. कार्ड वापरायचं तेवढी टिक मागतात. "नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं. ते मला लिहवत नाही. आणि खोट्यावर सही करायची नाही."

म्हणजे हे असं होतं तर. लोकांच्या लबाड्या पकडण्यात जन्म गेलेल्या माणसाची ही एवढी एक लबाडी, आणि तिच्यात नुकसान कोणाचं? त्याचंच! एका बाईचा हप्ता भरतोय, जिला आता काही दुखत नाही, आणि स्वतःचा दुखरा दात दाबून घरात बसलाय. मला इतकं वाईट वाटलं, आणि इतका रागही आला, की त्यांना हलवावंसं वाटलं. वाटलं, द्या तो फोन, मी लिहिते कारण. हात पुढे केलासुद्धा. त्यांनी फोन नुसता छातीशी धरला. मी हात मागे घेतला.

काका उठले, काउंटरशी गेले आणि खिशातून पाकीट काढलं.

"कार्ड नको. रोख घ्या."

"अहो काका," रेश्मा म्हणाली, "कव्हर असताना खिशातून कशाला? कार्डला काही प्रॉब्लेम आहे का?"

"प्रॉब्लेम नाही," काका म्हणाले. "निर्णय आहे."

आणि आत जाऊन खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरनं सांगायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं. डोळे मात्र घट्ट मिटले होते. मी त्यांचा चष्मा धरून उभी राहिले आणि माझे डोळे पुसायला माझ्याकडे रुमाल नव्हता, म्हणून ओढणी वापरली. दात वाचला.

परत येताना रिक्षा नको म्हणाले, चालत निघालो. अर्धं तोंड बधिर, जीभ जड, तरी गप्प बसवेना. केकच्या दुकानाकडे बोट दाखवून काहीतरी टोमणा मारला, तो मला कळला नाही. सोसायटीच्या गेटाशी आल्यावर थांबले आणि एकेक शब्द नीट उचलून ठेवल्यासारखे बोलले.

"तिची तपासणी लॅप्स होणार एकतीसला."

"हो, काका."

"हरकत नाही. एक तारखेला परत नवीन मिळते."