बारा शिक्क्यांचे संस्थापक

कुवाबाराला विक्री विभागातून उचलून ‘इतिहास कक्षा’त बसवलं, तेव्हाच आम्ही सगळे समजलो, गड्याचं संपलं. इसोगाई औषध कंपनीत हा कक्ष म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि निवृत्तीपर्यंतचा चहा. पण कंपनीला शंभरावं वर्ष लागलं, अध्यक्षांनी जाडजूड इतिहासग्रंथ काढायचं फर्मान सोडलं आणि कुवाबाराला वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी धड काम होणार.

अडलं ते फोटोवर. युद्धात आमचं तोयामा शहर जळलं, त्यात संस्थापक तोकुमात्सु इसोगाईंचे सगळे फोटो गेले. गोदाम उपसता उपसता पत्र्याच्या डब्यात एकच सापडला. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, उजवा हात पोटावर घट्ट दाबलेला असा एक गृहस्थ. मागे लिहिलेलं, ‘दुकानासमोर, १९३२.’

“हेच ते!” कुवाबारा ओरडला. “काय निर्धार आहे बघा चेहऱ्यावर!”

संस्थापकांची लेक शिगेआजी सत्त्याण्णव वर्षांची, सप्पोरोला असते. तिला एक फोन केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण एवढ्याशासाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, म्हणून याने केलाच नाही. मंजुरीचा कागद फिरला. विभागप्रमुख नेझूंनी कुवाबाराचा शिक्का बघून आपला मारला, त्यांच्या वरच्याने नेझूंचा बघून. अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे सख्खे नातू, पण आजोबा त्यांच्या जन्माआधीच गेलेले. फोटोतल्या नाकाशी त्यांचं नाक काही जुळेना. पण अकरा शिक्क्यांपुढे नाकाचं काय घेऊन बसता? बारावा शिक्का पडला.

मग अध्यक्षांच्या अंगात आलं. रोज सकाळच्या सभेत सगळ्यांनी संस्थापकांसारखं उभं राहायचं! सहाशे माणसं आठ्या घालून, पोट दाबून कंपनीची शपथ म्हणू लागली. त्यात मीही होतो. माझ्या आठ्यांचं तर नेझूंनी चारचौघांत कौतुक केलं, आणि मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा. पुढे पितळी पुतळाही ठरला.

अनावरणाला आठ दिवस असताना कुवाबाराला जुन्या वर्तमानपत्रात कंपनीच्या पोटदुखीच्या गोळीची जाहिरात दिसली. तोच फोटो! खाली छापलेलं, ‘गोळी घेण्यापूर्वी आमचे शेजारी, तोफूवाले मात्सुकिची. गोळी घेतल्यानंतरचे मात्सुकिची पुढच्या महिन्यात पाहा.’ त्याने पुढची तीन वर्षं चाळली. हसरा मात्सुकिची कुठेच नव्हता.

तो धापा टाकत नेझूंकडे गेला. “साहेब, पुतळा तोफूवाल्याचा आहे!”

“हळू बोल! अजून कुणी पाहिलंय?”

“नाही.”

“मग मीही नाही पाहिलं.”

“पण अनावरणाला शिगेआजी येतायत!”

“या वयात दिसतं का त्यांना?”

“हो, गेल्याच महिन्यात मोतीबिंदू काढलाय.”

“हे बरं ठाऊक तुला! मग फोटोचंच तेवढं विचारायला काय झालं होतं?”

कुवाबाराने राजीनामा लिहून खिशात ठेवला. आठ रात्री त्याला झोप नव्हती.

समारंभाच्या दिवशी आजीने दोरी ओढली. सहाशे हात पोटावर गेले.

“अगंबाई, मात्सुकिचीकाका!” आजी म्हणाली.

“आत्या, हे आजोबा,” अध्यक्ष हळूच म्हणाले.

“अरे, माझा बाप मला कळत नाही?”

कुवाबारा पुढे आला, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी राजीनाम्याचा लिफाफा पुढे धरला. “चूक माझी आहे. विक्रीत मी नालायक ठरलो, आता इतिहासातही ठरलो.”

अध्यक्षांच्या कपाळावर खऱ्याखुऱ्या आठ्या चढल्या. आजी मात्र खुदखुदत होती.

“फोटोवाला तीन महिने खेटे घालत होता रे! पण हा मेला हसेचना. गुण आला तर हसणार ना!”

“मग त्यांनी गोळी सोडली?” कुवाबाराने वाकल्या वाकल्याच विचारलं.

“कशाला सोडतोय! इतकी कडू, की खाल्ली की घटकाभर पोटाचा विसर पडायचा. चाळीस वर्षं रोज यायचा, चार गिऱ्हाइकं सोबत घेऊन. बाबा म्हणायचे, दुकानाला नाव माझं आहे, पण ते उभं आहे मात्सुकिचीच्या पोटावर.”

अध्यक्षांनी पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लिफाफा न उघडताच कुवाबाराच्या खिशात परत कोंबला. “हे सगळं ग्रंथात घाला. पुतळा राहू दे, पाटी बदला.” कुवाबाराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“ती गोळी अजून विकता का रे?” आजीने विचारलं.

“म्हणजे काय!” अध्यक्ष म्हणाले. “सगळ्यात जास्त खप तिचाच!”

“असं? मग आता तरी गुण येतो का?”

आम्ही सहाशे जण पोटावर हात ठेवून उभे होतो.