चौकटीवरचे दोन आकडे

दिनांक ३ डिसेंबर, बुधवार, सकाळी सहा. हजर: शेखचाचा, वाघमारे सर, सरांच्या मिसेस आणि मी. गैरहजर: माझ्या सासूबाई. कारण: गुडघे.

सकाळच्या चालण्याची ही हजेरी लिहिते मी, पण घेतात शेखचाचा. आमच्या परळीतल्या गल्लीत प्रत्येक दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेले दोन आकडे दिसतील. आमच्या चौकटीवर ४/३ आहेत. म्हणजे घरात माणसं चार, चालणारी तीन; नवरा आणि मुलगा संध्याकाळी चालतात. चाचा हिवतापाच्या खात्यात होते. नोकरीभर गावोगाव पायी हिंडले; तापाच्या माणसाचं रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि दारावर भेटीची तारीख लिहायची. निवृत्त करताना खात्यानं खडू काढून घेतला नाही, एवढीच चूक झाली.

खडू संपला तरी त्यांचं अडत नाही. परळीत वीजकेंद्राच्या राखेला तोटा नाही. उभ्या स्कूटरच्या सीटवर बोटानं लिहितात, ‘चला’.

वाघमारे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी एकदा अडवलंच. "चाचा, चालल्यानं जंतू मरतात हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"मरत न्हाईत ओ सर. जंतू पाव्हणा हाय, येणारच. पर हिंडत्या माणसाकडं मुक्काम टाकायचं त्याच्या जीवावर येतं. बसल्या माणसाकडं गादीच घालून ठेवलेली."

"मग मला मागच्या महिन्यात एवढा खोकला कसा झाला?"

"झाला. पर गेलात का?"

मी वहीत पाहिलं. सर हजर होते.

चाचांचा खरा डोळा मात्र माझ्या सासूबाईंवर. भादव्यातल्या तापातून उठून त्या पलंगावर बसल्या, त्या बसल्याच. चाचा रोज दारातून हाक देणार, "वैनी, कोपऱ्यावरच्या लिंबापस्तोर चला फक्त."

"शेखभाई, लिंबाला नवस बोललाव का काय तुमी?"

"व्हय. थंडी वाढायच्या आत फेडायचा हाय."

मला हा जाच वाटायचा. सासूबाईंची सोय मी यादी करून चोख लावलेली. पाणी उशाशी, चष्मा उशाशी, ताट पलंगावर. ‘तुम्ही बसा आई, मी आणते,’ असं दिवसातून वीस वेळा म्हणायचं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

आज फिरून आल्यावर चाचांना खडूची नवी पेटी द्यायला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या चौकटीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिथे होतं, २/१.

चुकीचा आकडा मला पाहवत नाही. "चाचा, हा दुरुस्त करा. चाचींना जाऊन दोन वर्षं झाली."

चाचांनी पेटी उघडली, एक खडू काढला, पुन्हा आत ठेवला.

"मी सदा फिरतीवर, पोरी. घरी आलो की वाटायचं, हिला कशाला दगदग? म्हणायचो, तू बैस, मी आणतो. पाणी मी, भाजी मी, दळण मी. रिटायर झाल्यावर तर कप बी उचलू दिला न्हाई. लई सुखात ठेवली." पेटीचं झाकण लावत म्हणाले, "बसवूनच ठेवली."

त्यांनी पेटी फळीवर ठेवली.

"निमोनिया झाला, तर अंगात खोकायची ताकद न्हाई. डॉक्टर म्हणले, हिंडत्याफिरत्या असत्या तर कदाचित तरल्या असत्या." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "उद्या सहाला. वैनीला सांगा, लिंब वाट बघतोय."

घरी आले तोच आतून हाक. "सुनंदा, उशाचं पाणी संपलं, आण गं."

वाक्य तोंडात तयार होतं, ते गिळलं. तांब्या भरून ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या हातानं पलंगाशी गेले. "आई, पाणी ओट्यावर आहे. चला, मी हात धरते."

"कावून? तुझे हात मोडले का?"

"नाही. हा घ्या ना, धरा."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आजच्या यादीत अकरा कामं होती. दहा झाली. तांब्या अजून ओट्यावर आहे, आई अजून पलंगावर आहेत, आणि मी हात पुढे करून उभी आहे.