रियाधी विळीची मोहीम

रियाध शहरी विळीचा प्रसंग कैसा गुदरला, कोण जेर जाहले आणि कोणाची फत्ते जाहली, हे पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन, हातास सुरमईचा वास असताच, घडले तितके लिहिले असे.

राजश्री जमालुद्दीन, मूळ ठाणे रत्नागिरी, शहराबाहेरील पागेत दाणागोट्याचे कारभारी. त्यांचे कबिल्याची, साबिराबेगमांची, माहेरची विळी मुळाशी मोडली. त्यासमयी बेगमांनी हुकूम सादर केला जे, सुरीने कापिली मासळी या घरी शिजणार नाही. मग जमालुद्दीनांनी बत्हाचा बाजार तीन वेळ धुंडिला, आणि चाकू मिळाले, आणि कोयते मिळाले, परंतु विळी मिळेना, आणि एकवीस दिवस डाळीवर गुजराण जाहली. खासे जमालुद्दीन बहुत सुकले. खोटे कशास लिहावे, एके दिवशी घोड्यांचे चणे चाखोन डोळ्यांस पाणी आणिले.

पागेत आयर्लंड मुलुखीचे डोनलसाहेब नालबंद होते. त्यांचे गावी पूर्वी लोहारांच्या सात भट्ट्या, आता एक उरली, तीही कुलुपात. त्यांस दोस्ताची दशा पाहवेना. मग जमालुद्दीनांनी इकाम्याच्या, म्हणजे रहिवासाच्या परवान्याच्या, नकलेमागे विळीचे चित्र काढोन दिधले, आणि साहेबांनी खुरांची जुनी कानस भट्टीत घातली, आणि तीन दिवस घण चालविला, आणि शुक्रवारी विळी घेऊन स्वतः मेजवानीस दाखल जाहले.

आणि घात जाहला. विळीची धार बसणारीकडे असावी, ती पलीकडे. चित्रात धारेची बाजू दाखविणे राहिले, आणि साहेबांचे आजोबांचा दंडक ऐसा जे, हत्याराची धार धन्याकडे करणे महापाप. जमालुद्दीनांस पेच पडला. बोलावे तर दोस्ताचा मान जातो, न बोलावे तर सुरमई जाते.

साबिराबेगमांनी विळी उलटसुलट न्याहाळिली, साहेबांस शुक्रिया फर्माविला, आणि पात्याचे पलीकडे जाऊन बसल्या. परंतु वर कोणी बसले नाही म्हणोन विळीचा पाट हलो लागला. मग फर्मान सुटले, "अहो, तुम्ही पाटावर बसा. आणि हलू नका."

खासे पाटावर आरूढ जाहले, नाकापुढे पात्याची पाठ. सुरमई कापिली गेली, नारळ खवला गेला, साहेबांनी तीन वेळ सालन मागोन घेतले, आणि कोकणची रीतच ऐसी असेल ऐसे समजोन यजमानांस मुजरा केला.

तेव्हांपासोन दर शुक्रवारी नमाजाउपरांत हाच बंदोबस्त. गेले महिन्यात खाशांस ताप भरला, तरी रजा मंजूर जाहली नाही. येणेप्रमाणे सुरमई सर जाहली आणि सरदार पाटावर कायम जाहले असेत.