छत्र्यांखालची तांबडी भाजी

"छत्री? आत्ता?" भिकंभटांनी कपाळावर हात आडवा धरून आधी आभाळाकडे पाहिलं, मग गुरुदासकडे. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. चैत्राच्या उन्हाने अंगणातलं खळं इतकं तापलं होतं की भटजी बोलताना या पायावरून त्या पायावर होत होते. "अरे, पावसाक अजून दोन म्हयने आसत."

"म्हणान तर मागतंय," गुरुदास म्हणाला. "माळ्यार नुसती पडान आसा. माझ्या वाफ्यार उभी रवली तर तिका काय तरास?"

"वाफ्यार?"

"तांबडी भाजी पेरूची आसा. उनान करपता."

भिकंभटांकडे लोक पंचांग बघायला येत, मुहूर्त विचारायला येत, कधी नारळ उसना मागायला येत. भाजीसाठी छत्री मागायला कोणी आलं नव्हतं. पण गुरुदासच्या चेहऱ्यावर असं काही गहिवरल्यासारखं होतं की ते माळ्यावर चढले आणि जळमटं झटकत छत्री घेऊन खाली आले.

गुरुदास चिंदरकर बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. उभं आयुष्य दर्यावर काढून तो नुकता कुठे शिरोड्याला कायमचा घरी आला होता. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. त्याची एकुलती मुलगी सावित्री मुंबईला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मुंबईहून आलेल्या गावकऱ्याबरोबर तिने निरोप धाडला, की बाकी काही नको, घरामागच्या परड्यातली तांबडी भाजी तेवढी खावीशी वाटते. हल्ली स्वप्नातसुद्धा तीच दिसते. विमला, गुरुदासची बायको, निरोप ऐकून हसली. गुरुदास मात्र त्या दिवसापासून हरवल्यासारखा झाला. मुलगी रांगायला लागली तेव्हा तो एडनला होता, शाळेत गेली तेव्हा सिंगापूरला, आणि तिच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मोंबासाच्या धक्क्यावर दोरखंड आवळत होता. दर सुट्टीत घरी यावं तर कोणीतरी मुलगी बदलून ठेवल्यासारखी ती वाढलेली असे. तिच्यासाठी आपल्या हाताने केलं असं त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हतं. आता ही भाजी तरी!

पण हवेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिली पेरणी केली तेव्हा सकाळी असं दाट धुकं पडे की विहीर दिसू नये, आणि दुपारी असं ऊन, की उगवलेला कोंब संध्याकाळी शोधावा लागे. दुसरी पेरणी बोटभर वर आली आणि एका दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला. तिन्हीसांजेला गुरुदास परड्यात गेला तर रोपं मिठात घातल्यासारखी लोळत होती. वाचली ती मूठभर रोपं फक्त. दुपारी उन्हाला घेतलेली छत्री तो वाफ्याच्या कडेला उघडीच विसरला होता, तिच्या आडोशाला ती टवटवीत उभी होती. दुसऱ्या दिवशी कोंबडीने तीही टिपली, पण गुरुदासला युक्ती सापडली होती.

"बाजारात जुडी गावता," विमला म्हणाली.

"बाजारातली भाजी बाजारवाल्याची."

"आणि परड्यातली?"

"बापाशीची," तो म्हणाला, आणि छत्र्या मागायला निघाला.

परशुराम मास्तरांनी शाळेची आणि घरची अशा दोन्ही दिल्या. कोणी काडी मोडलेली दिली, कोणी भोक पडलेली. शेजारचा साल्वादोर मात्र मधल्या दगडी गडग्यावर कोपर टेकून विचारात पडला. "माझ्या रोझाचा लगीन सोमवारी आसा, ठावक आसा मा तुका? आणि पावस इलो तर?"

"येवचो नाय."

"कशावरना?"

गुरुदासने मान वर करून समुद्राकडून येणारा वारा लांब श्वासाने ओढून घेतला. "जल्मभर दर्याची हवा हुंगलंय, साल्वादोर. माझ्या नाकाक फसवणारी हवा अजून जल्माक येवक नाय."

साल्वादोरने आपल्याच नव्हे, तर लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्याही छत्र्या गोळा करून दिल्या.

रविवारी गुरुदासने शेवटचं बी पेरलं. तांबड्या भाजीचं बी म्हणजे काळी राई बरी, इतकं बारीक. वाफ्यांत बांबूचे खुंटे रोवून त्याने एकेक छत्री उघडली आणि दांडा खुंट्याला बांधला. बांधताना हात आपोआप बोटीवरचे झाले. वादळात शीड धरून ठेवणारी गाठ त्याने एकेका दांड्याला मारली, वर पाण्याने ओली करून घट्ट केली. संध्याकाळी सगळं परडं काळ्या कापडाखाली गेलं. आरामखुर्ची फणसाखाली ओढून तो बघत बसला. माडांच्या झावळ्यांतून ऊन तिरपं येत होतं, आणि त्या छत्र्या वाऱ्यावर किंचित डोलत होत्या, जणू परडंच नांगर टाकून उभं होतं. बघता बघता गुरुदासचा डोळा लागला. स्वप्नात वाफे हळूहळू किनारा सोडून निघाले. पाणी तांबडं होतं. पुढच्या वाफ्याच्या टोकावर सावित्री, त्याची साऊ, बसली होती, पाचेक वर्षांची, आणि पितळेच्या वाटीतून काहीतरी मन लावून खात होती. "गोड आसा?" त्याने सुकाणूवरून विचारलं. ती मान वर करणार, एवढ्यात विमलाने हलवून त्याला पेज प्यायला उठवलं.

सोमवारी सकाळी हवा स्वच्छ होती. साल्वादोरच्या घरून व्हायोलिन आणि ढोलाच्या साथीने वऱ्हाड चर्चकडे चालत निघालं. पुढे वाजंत्री, मागे पांढऱ्या झग्यातली रोझा, तिच्या मागे इस्त्रीच्या कोटांतले पाहुणे. गुरुदासही ठेवणीतला कोट घालून आपल्या बेड्यापाशी, परड्याच्या फाटकाशी उभा होता. चूक झाली ती एवढीच, की त्याचं नाक समुद्राकडे होतं आणि ढग आला पाठीमागून, घाटाकडून. माडांच्या शेंड्यांवर एकदम काळोख झाला, एक गडगडाट झाला, आणि पाऊस असा कोसळला की व्हायोलिनवाल्याने व्हायोलिन कोटात घातलं.

"छत्र्ये!" कोणीतरी ओरडलं.

"छत्र्ये गुरुदासाकडे!" दुसरा ओरडला, आणि सगळं वऱ्हाड बेडं ढकलून परड्यात घुसलं. मागोमाग सत्यनारायणाला निघालेले भिकंभट सोवळं सावरत आले, त्यांच्यामागून मास्तर.

"वाफ्यात पाय घालू नकात! कडेन! कडेन या!" गुरुदास ओरडत होता, पण कडेला उभं राहायला कडा उरली नव्हती. जो तो आपली छत्री शोधत होता, आणि उघड्या काळ्या छत्र्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. सापडली त्यांना सुटेना.

"ही गाठ कसली रे?" भिकंभट दातांनी ओढून बघत म्हणाले. "सुटणा नाय ती!"

"वादळात सुटूची नाय म्हणानच मारतत ती गाठ!"

"अरे मेल्या, मगे वादळात आमी काय करू?"

मास्तरांनी त्यावर तोड काढली. त्यांनी खुंट्याला मिठी मारली आणि गदागदा हलवून तो मुळासकट उपटला. ते पाहून सगळ्यांनीच खुंटे उपटायला घेतले. घोट्याएवढा चिखल झाला. त्यात बूट रुतले, धोतरं माखली, आणि साल्वादोर आपली समजून उपटलेली छत्री भिकंभटांची निघाल्यामुळे ती परत रोवायला लागला.

मधल्या वाफ्यावर गुरुदासची स्वतःची एडनहून आणलेली मोठी छत्री होती. तिच्यापुढे तो हात पसरून उभा राहिला. "हो एक वाफो सोडा! बाकीचे न्या, पण हो सोडा!" त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की लोक खरंच थबकले.

मग त्याला रोझा दिसली. बेड्याशी ती एकटीच उभी होती. डोक्यावरची जाळी गालांना चिकटलेली, एक बूट हातात. धावपळीत नवरीच मागे राहिली होती. तिने चिखलाकडे पाहिलं, गुरुदासच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि बारीक आवाजात विचारलं, "काकानू, मी खंय पाय ठेवू?"

गुरुदासचे हात खाली आले. पाऊस त्याच्या नाकावरून गळत होता. कोणाच्या तरी लग्नाच्या दिवशी आपण इथे असायला हवं होतं, एवढंच त्याला वाटलं. तो वळला, मोठ्या छत्रीचा खुंटा त्याने दोन्ही हातांनी उपटला आणि वाफ्याच्या मधोमध पाय टाकत तिच्याकडे गेला. "हयच ठेव गो," तो म्हणाला. "मधीच ठेव. मऊ आसा."

त्या दिवशी शिरोड्याने जे वऱ्हाड पाहिलं ते पुन्हा कोणी पाहिलं नाही. प्रत्येकाच्या हातात पुरुषभर बांबू, बांबूच्या टोकाला छत्री, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. कोणा संस्थानिकाची स्वारी निघावी तसे ते चर्चला पोचले. पोचले आणि पाऊस थांबला.

संध्याकाळी परड्यात म्हशी लोळून गेल्यासारखं दिसत होतं. बी संपलं होतं. विमलाने आंघोळीचं पाणी तापवलं.

"साऊ इल्यार तिका काय सांगू?" गुरुदासने विचारलं.

"सांगा, भाजी लग्नाक गेली."

आणि त्यानंतर हवा अशी सुधारली, जणू चिडवायलाच! सकाळी कोवळं ऊन, दुपारी मळभाची सावली, मधूनच एखादी हलकी सर. पेरणीला याहून चांगली हवा कोणी मागितली नसती. गुरुदास फणसाखाली बसून मोकळ्या वाफ्यांकडे बघत राही. डोळा लागला तरी आता स्वप्न पडत नसे.

एका सकाळी गडग्यापलीकडून साल्वादोर गरजला, "गुरुदास! तुझी भाजी माझ्या दारात काय करता?"

गुरुदास अनवाणीच धावला. साल्वादोरच्या पायरीपाशी पाय धुवायचा दगड होता. त्या दगडाभोवती, ओल्या मातीत, तांबड्या पानांची दाट झुंबड उडाली होती. गुरुदास खाली बसला. लग्नाच्या दिवशी वाफ्यातल्या चिखलाचे पाय घेऊन माणसं घरी परतली ती याच दगडावर पाय धुवून आत गेली, आणि तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांचं पाणी रोज इथेच पडत होतं.

"म्हणजे भटाकडे पण..." तो पुटपुटला आणि उठून चालू लागला. भिकंभटांच्या दारात होती. मास्तरांच्या न्हाणीपाशी होती. चर्चच्या विहिरीच्या काठाला तर अशी माजली होती की कालच पाद्रीबाबा तिथे कोणी पेरलं म्हणून विचारत होते. गुरुदास हात मागे बांधून गावभर फिरला, आणि लोकांच्या पायऱ्यांकडे अशा नजरेने पाहत राहिला की बायकांनी दारं लोटून घेतली. मग तो रोजच फिरू लागला. इथे विरळ करा, तिथे कोंबडी येते, आज पाय धुतले नाहीत वाटतं!

"रोज किती वेळा पाय धुवचे रे?" भिकंभट कळवळून म्हणाले. "माका सर्दी झाली."

सावित्री आली ती वेंगुर्ल्याच्या बंदरावरून बैलगाडीने. गाडी दारात लागते न लागते तोच रोझाची धाकटी आत्या जुडी घेऊन आली. मग भटीणकाकू, मग मास्तरीणबाई. ओटीवर तांबडा ढीग पडला. विमलाने कांदा-मिरची घालून भाजी परतली, वर ओलं खोबरं भुरभुरवलं. सावित्री पहिल्या घासाला डोळे मिटून बसली ती तिसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत उघडायला तयार नव्हती. ताटातला भात गुलाबी झाला होता. गुरुदास समोर बसून तिच्याकडे एकटक बघत होता. त्याचं स्वतःचं जेवण तसंच होतं.

"आये," सावित्री डोळे मिटूनच म्हणाली, "बाबांच्या हाताक काय चव आसा गो!"

"हाताक न्हय," विमला भाताचं भांडं पुढे सरकवत म्हणाली, "गावाच्या पायांक."