खिडकीशी गेलेली विहीण

"साधं वागायचं ना? त्यात काय एवढं. अभिनेत्री आहे मी," ती म्हणाली आणि गाडीतच एक साधं हसू हसून दाखवलं.

मुलाने आरशातून पाहिलं. "आई, हे तू दुधात विष घालताना हसतेस ते हसू आहे."

प्रश्न त्याच्या लग्नाचा होता. मुलगी त्याला आवडली होती, हिलाही आवडली होती. अडचण एवढीच, की दुपारच्या मालिकेत ही वर्षानुवर्षं थोरल्या काकू होती. आली होती शेजारणीच्या भूमिकेत, वाटी परत द्यायला, एका दिवसापुरती. मग नायिका बदलल्या, नायिकांचे नवरे बदलले, पडदे बदलले, काकू राहिल्या. आजवर त्यांनी चार सुना घराबाहेर काढल्या होत्या, त्यातली एक दोनदा. आणि मुलीची आई ती मालिका कधी चुकवत नसे.

मुलीच्या घरी चहा आला. मुलीच्या आईने कप पुढे केला. "साखर एकच चमचा घातलीय. चालेल ना?"

हिने कप घेतला नाही. मान हळूहळू वळवली. बघत राहिली.

(इथे थांबू. हिचा चेहरा. मुलीच्या आईचा चेहरा. वडिलांचा चेहरा. बिस्किटं.)

हिच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. मालिकेत कुणी काही बोललं की लगेच उत्तर द्यायचं नसतं. कॅमेरा सगळ्यांच्या तोंडांवरून फिरून येईपर्यंत दम धरायचा असतो. मान आपली आपणच वळली.

"चालेल," ती शेवटी म्हणाली. तोवर वडिलांनी कप आत नेला होता.

ते परत आले ते मनाचा हिय्या करूनच. "आधीच सांगितलेलं बरं. आमची मुलगी नोकरी सोडणार नाही."

हिला मनापासून आनंद झाला. आनंद झाला म्हणून ती उठली, सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी गेली आणि बाहेर बघत म्हणाली, "नोकरी... सोडायचीच नाही."

(पाठ. पडदा. पडद्यावर आवळलेली बोटं.)

मालिकेत महत्त्वाचं वाक्य असंच बोलतात, कारण कॅमेरा खिडकीत असतो. या खिडकीत कॅमेरा नव्हता. खाली एक गृहस्थ सायकल पुसत होते, ते फडकं टाकून आत गेले.

मुलीच्या वडिलांचा धीर सुटला. "म्हणजे, तशीच वेळ आली तर सोडेलही ती."

"बाबा?"

"अगं, विषय वाढवू नकोस."

"मी कुठे वाढवतेय? मी नाही सोडणार." मग मुलाकडे वळून, "तू म्हणालास, आई मायाळू आहे."

"आहे गं."

"मग पाठ फिरवून का बोलतात?"

मुलगी आत गेली, दार लागलं. लग्न बोलण्यातच मोडलं.

खिडकीशी उभ्या असलेल्या हिला ते दार ऐकू आलं. ती वळली. "अहो, मला खरंच..." आणि पुढे रडूच आलं.

"यांना काय, रोजचंच आहे," वडील बायकोच्या कानात म्हणाले.

पण बायको जवळ गेली. दुकानात कापडाचा पोत बघावा तसा तिने हिचा चेहरा बघितला. नाक गळत होतं. तोंड वाकडं झालं होतं. घशातून जुनी स्कूटर चालू होत नसल्यासारखा आवाज येत होता.

"अहो, नाही. मालिकेत यांच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब येतो आणि गालावर थांबतो. नाक कधी गळत नाही." तिने दारावर थाप मारली. "बाहेर ये गं. या खरंच रडतायत."

मुलगी बाहेर आली. तिने आपला रुमाल काढून दिला.

"तू नोकरी सोडलीस," ही नाक पुसत, तिच्याकडे तोंड करून, एका दमात म्हणाली, "तर मी लग्नाला यायची नाही."

मुलगी हसली. मुलाने श्वास सोडला. वडील नवा चहा ठेवायला गेले.

निघताना विहीणबाईंनी दारात हिचा हात धरला. "एक सांगू? राग नका मानू."

"सांगा ना."

"मालिकेतलं तुमचं रडणं मला नेहमी खोटं वाटायचं. पण आज खरं पाहिलं. लग्नात ते खोटंच रडा हं. फोटो राहतात हो."

ही हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?